दुसऱ्याचे मूल आपल्या गाडीत

यंदा शाळा सुरू झाल्यापासून कार्यालयात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत आहे. अनगोळच्या एकाच गल्लीतून चार गाड्या निघतात, प्रत्येक गाडीत एक पालक आणि एक मूल, आणि चारही गाड्या शाळेच्या फाटकाशी एकामागे एक उभ्या राहून हॉर्न वाजवतात. त्याऐवजी पाळी लावून चारही मुले एकाच गाडीतून आणली तर? येळ्ळूर, उचगावकडच्या पालकांचा प्रश्न थोडा निराळा आहे. तिकडे बसची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही. म्हणून ज्याच्या घरी गाडी आहे तो शेजारची दोन-तीन मुले बरोबर घेतो आणि त्यांचे पालक पेट्रोलला हातभार लावतात. हे कायद्याला धरून आहे का, आणि उद्या रस्त्यात काही घडले तर विमा कंपनी पैसे देईल का, असे ते विचारतात.

पाळीने मुले आणावीत असेच आमचे मत आहे. फाटकासमोरची गर्दी कमी झाली तर चालत आणि सायकलवरून येणाऱ्या मुलांना त्याचा पहिला फायदा होईल. मात्र पाळीत नाव घालण्याआधी प्रत्येक घराने गाडीच्या विम्याचा कागद बाहेर काढून एकदा नीट वाचावा, एवढ्यासाठी हा लेख. हा कागद आपण हप्ता भरताना वाचत नाही. पोलिसांनी अडवले तर त्यावरची तारीख तेवढी दाखवतो. मागच्या आसनावर दुसऱ्याचे मूल बसणार असेल तर तारखेपलीकडचेही चार शब्द पाहावे लागतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पण कायदा सक्ती करतो ती तिसऱ्या पक्षाच्या विम्याची, म्हणजे आपण ज्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतो त्याची. यात पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी, आणि आपल्या गाडीमुळे ज्याला इजा झाली तो बाहेरचा माणूस तिसरा. पादचारी, सायकलवाला, समोरच्या गाडीतील माणसे हे सारे तिसरे पक्ष. आता आपल्याच गाडीत बसलेले शेजारचे मूल यांत कुठे बसते? सगळी गोम इथेच आहे.

दोन प्रसंग कल्पून पाहू. काँग्रेस रोडवर आपली गाडी सिग्नलला उभी आहे आणि मागून ट्रकने धडक दिली. चूक ट्रकची. आपल्या गाडीतील सगळी मुले ट्रकच्या दृष्टीने तिसरा पक्ष आहेत, म्हणून भरपाई ट्रकच्या विम्यातून मिळते. आपल्या पॉलिसीचा प्रकार कोणता, हा प्रश्न तिथे फारसा येत नाही. दुसरा प्रसंग पावसाळ्यातला. आडवे आलेले कुत्रे चुकवताना गाडी घसरली आणि झाडावर आदळली. दुसरे वाहन नाहीच. मुलांना लागले तर जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची आणि मालकाची, आणि त्या मालकाच्या पाठीशी कोण उभे राहणार हे त्याच्याच पॉलिसीवर ठरते.

त्या पॉलिसीवर ‘लायबिलिटी ओन्ली’ किंवा ‘अ‍ॅक्ट ओन्ली’ असे लिहिलेले असेल, तर खासगी गाडीत फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी घ्यायला कंपनी नकार देऊ शकते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने टिळक सिंग यांच्या खटल्यात हाच निर्णय दिला. तो खटला स्कूटरच्या मागे बसलेल्या माणसाचा होता. अशा पॉलिसीत मागे बसणारा येत नाही आणि कंपनीवर त्याची जबाबदारी नाही, असे न्यायालयाने म्हटले. याउलट पॉलिसीवर ‘पॅकेज’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ असे असेल, म्हणजे आपल्या भाषेत ‘फुल इन्शुरन्स’ असेल, तर गाडीत बसलेली माणसे तिच्यात येतात. विमा नियामक संस्थेने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने सर्व कंपन्यांना ही गोष्ट बजावून सांगितली, आणि २०१२ मध्ये बालकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही दोन प्रकारच्या पॉलिसींतला हा फरक मान्य केला.

म्हणून आमची पहिली विनंती अशी की, ज्यांची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची आहे त्यांनी दुसऱ्यांची मुले घेण्याच्या पाळीत तूर्त गाडी लावू नये. जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स परवडत नाही, हे आम्हीही जाणतो. अशा पालकांनी दुसऱ्या गाडीच्या पाळीत बरोबर बसून मुलांची उतरचढ पाहावी. ते कामही काही कमी महत्त्वाचे नाही.

नवी गाडी घेतलेल्या पालकांनी तर विशेष लक्ष द्यावे, कारण फसगत बहुधा त्यांचीच होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याबरोबर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र बऱ्याच वेळा एकाच वर्षाचा दिलेला असतो. वर्ष संपले, आठवणीचा फोन आला, तो आपण उचलला नाही. पोलिसांना दाखवायच्या कागदावर अजून दोन वर्षांची मुदत दिसते आणि आपण निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात हाती फक्त थर्ड पार्टीचा भाग उरलेला असतो. कागदावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात, दोन्ही पाहाव्यात.

फुल इन्शुरन्समध्येही एक भाग वेगळा विकत घ्यावा लागतो. गाडी चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण २०१८ पासून ठरलेले आहे, पण ते मालकापुरते. प्रवाशांसाठी ‘अनामिक प्रवासी’ या नावाचे अपघात संरक्षण थोडा जादा हप्ता भरून घेता येते आणि ते आसनांच्या संख्येवर मोजतात. त्यात चूक कोणाची होती हे सिद्ध करत बसावे लागत नाही. पाळीत गाडी लावणाऱ्याने ते घ्यावे, असे आम्ही सुचवतो. शेजारचे पालक त्या जादा हप्त्याची रक्कम आनंदाने वाटून घेतील, असे वाटते.

आता पैशांचा प्रश्न. तो अवघड आहे, आणि पालकांनी तो विचारला हे बरेच झाले.

प्रत्येक खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. त्यातली पहिली मर्यादा म्हणजे गाडी भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापरता येणार नाही. कायद्याचेही म्हणणे तेच आहे. भाडे घेऊन माणसे न्यायची तर कलम ६६ प्रमाणे परवाना लागतो आणि यलो बोर्ड लागतो. परवान्याशिवाय तसे केले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. त्याहून मोठा धोका विम्याचा. कलम १५० मध्ये विमा कंपनीला जे थोडे बचाव दिले आहेत, त्यांत परवाना नसताना भाड्याने वापरलेली गाडी हा एक आहे. अशा वेळी न्यायालय कित्येकदा कंपनीला सांगते की, जखमीला आधी पैसे द्या आणि मग ते मालकाकडून वसूल करा. जखमीची सोय होते, पण लाखांची वसुली एका पगारदार घरावर येते.

मग पेट्रोलला दिलेला हातभार हे भाडे झाले का? आपल्या कायद्यात खर्चाची वाटणी कुठे संपते आणि भाडे कुठे सुरू होते, याची रेघ आकड्यांत आखलेली नाही. पण व्यवहारात फरक ओळखता येतो. आपल्या भागात वडाप कशाला म्हणतात ते शाळेतल्या पाचवीच्या मुलालाही ठाऊक आहे. माणशी दर ठरलेला, गाडी भरेपर्यंत थांबायचे, आणि चालवणाऱ्याला स्वतःला तिकडे जायचे असो वा नसो, फेरी करायचीच. याउलट आपल्या मुलाला सोडायला आपण जाणारच होतो, वाटेत शेजारची दोन मुले घेतली, त्यात कमाई काही नाही, तर त्याला वडाप कोणी म्हणणार नाही. धोका या दोहोंच्या मधल्या जागेत आहे. दरमहा प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम, ती मोबाईलवरून नियमित खात्यात जमा, आणि जमेची बेरीज पेट्रोलच्या खर्चापेक्षा जास्त. अशा नोंदी पुढे ठेवून कंपनीच्या वकिलाने ‘हे भाडेच आहे’ असे म्हटले, तर त्याला उत्तर देणे जड जाईल.

म्हणून आमचा सल्ला पैसे मध्ये न आणण्याचा. चार घरांनी चार गाड्यांची पाळी लावावी, आठवडा एकेकाकडे. ज्याच्याकडे गाडी नाही किंवा गाडी पाळीत लावता येत नाही, त्याने आपल्या वाटणीचे दुसरे काम घ्यावे. कोणी संध्याकाळी मुलांना घरी बसवून घेतो, कोणी सहामाहीत सगळ्यांचा गणिताचा अभ्यास घेतो. आपल्या गल्ल्यांत असे देणेघेणे नवे नाही. पेट्रोल वाटून घ्यायचेच असेल तर प्रत्यक्ष झालेला खर्च, पंपाची पावती समोर ठेवून, गाडीवाल्याचा हिस्साही त्यात धरून वाटावा, आणि एका रुपयाचाही नफा ठेवू नये.

मोबाईलच्या अ‍ॅपवरून अनोळखी प्रवासी घेणे ही वेगळी गोष्ट आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूत्रे काढली होती. खासगी गाडीला शहरात दिवसाला चार फेऱ्या, परगावी आठवड्याला दोन, आणि प्रवाशांचा किमान ५ लाखांचा विमा, असे त्यात होते. मात्र बंदी घालण्याची मोकळीक राज्यांना ठेवली होती. २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवी सूत्रे आली. आपल्या कर्नाटकात व्हाइट बोर्डच्या गाड्या अ‍ॅपवरून प्रवासी घेतात म्हणून २०२३ मध्ये परिवहन खात्याने हरकत घेतली होती. शाळेच्या पाळीशी याचा संबंध नाही, पण ‘अ‍ॅपवर चालते मग आम्हाला का नाही’ असे कोणी म्हणू नये म्हणून सांगितले.

गाडीत किती मुले बसवावीत? जितकी आसने आरसी बुकात लिहिली आहेत तितकीच माणसे, चालवणारा धरून. मुले लहान आहेत, मांडीवर बसतील, हा हिशेब विमा कंपनी करत नाही. २००७ साली अंजना श्याम खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसे भरलेल्या एका बसच्या अपघाताचे प्रकरण आले. न्यायालयाने ठरवले की, कंपनीची जबाबदारी विमा उतरवलेल्या प्रवासीसंख्येपुरतीच. तेवढ्या संख्येइतक्या मोठ्यात मोठ्या भरपाईच्या रकमा कंपनीने भरायच्या, त्या सगळ्या जखमींत प्रमाणात वाटायच्या, आणि उरलेले मालकाकडून घ्यायचे. म्हणजे पाच जणांच्या गाडीत आठ बसले, तर विम्याकडून येणाऱ्या रकमेतून प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते आणि बाकीच्यासाठी शेजाऱ्याच्या मागे लागावे लागते. आठवे मूल घेतल्याने आधीच्या सातांचेही कमी होते, हे पालकांच्या लक्षात यावे.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. कलम १९४ब प्रमाणे १४ वर्षांखालील प्रत्येक मुलाला पट्टा किंवा बाल-आसन लागते. केंद्रीय कायद्यात दंड १,००० रुपये आहे. दंडापेक्षा, पट्टे जेवढे तेवढीच मुले, हा नियम घालून घेतला की गर्दीचा प्रश्न आपोआप मिटतो.

दुचाकीवर येणारी मुले आपल्याकडे मोटारीपेक्षा जास्त आहेत, आणि वर सांगितलेला २००६ चा निकाल मुळात दुचाकीचाच. कित्येक स्कूटरांचा विमा फक्त थर्ड पार्टीचा असतो. अशा स्कूटरवर शेजारच्या मुलाला मागे घेणे म्हणजे त्याला विम्याशिवाय नेणे होय, हे आम्हाला सांगावेच लागेल. मागे एकच जण बसू शकतो. आपले मूल पुढे आणि शेजारचे मागे, ही रोज दिसणारी मांडणी कायद्यात बसत नाही. चार वर्षांखालील मुलासाठी शिरस्त्राण, अंगाला बांधायचा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. बालवाडीच्या पालकांनी तो पाळावा.

बेळगावची म्हणून एक खास अडचण आहे. आपल्याकडे जुन्या गाड्या गोव्याहून आणि कोल्हापूरहून येतात, आणि जीए किंवा एमएच-०९ च्या पाट्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. विमा देशभर चालतो, त्यामुळे शिनोळीची हद्द अलीकडची की पलीकडची याने काही बिघडत नाही. बिघडते ते नावाने. गाडी घेणाऱ्याने विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते. तिसऱ्या पक्षाचा भाग गाडीबरोबर येतो, पण बाकीची पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली तर दावा अडकतो. शिवाय २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, परिवहन खात्याच्या दप्तरात ज्याचे नाव, तोच मालक आणि जबाबदारीही त्याचीच. फोंड्याच्या कोणा भल्या माणसावर बेळगावातल्या अपघाताची नोटीस जाऊ नये, एवढा विचार तरी करावा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, हेही लक्षात असू द्यावे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. ‘बाबा गावाला गेले आहेत, आजची पाळी दादा चालवेल’ असे चालणार नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मोटारीचा परवाना नाही. कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लर्निंग लायसन्सही नाही. लर्निंग लायसन्सवर शिकत असलेल्या मोठ्या भावाबहिणींनीही पाळी चालवू नये.

विश्वस्तांपैकी काहींनी विचारले की, शाळेनेच पैसे गोळा करून दोन-तीन गाड्या का ठरवू नयेत? तसे केले की ती पाळी राहत नाही, शाळेची वाहतूक होते. मग परवाना, यलो बोर्ड, बरोबर एक मदतनीस, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, वेगमर्यादा हे सारे आले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसगाड्यांसाठी घालून दिलेल्या अटी आणि शाळकरी मुलांच्या वाहतुकीसाठीचे कर्नाटकाचे २०१२ चे नियम पाळावे लागतात. ते करायचे तर नीट, पूर्ण तयारीनिशी करावे. तोवर पाळी ही पालकांची आपसातली व्यवस्था राहील. शाळा त्यात पैसे घेणार नाही आणि गाडी ठरवून देणार नाही.

अपघात झालाच तर आधी मुलांना दवाखान्यात न्यावे, ११२ वर फोन करावा, पोलिसांत नोंद करावी आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. ‘आपसात मिटवू’ म्हणून नोंद टाळली की पुढे दाव्याला आधार राहत नाही. ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. गाडी कोणाची, चूक कोणाची, हे त्या वेळी पाहिले जात नाही. मदतीला धावलेल्या वाटसरूला कलम १३४अ चे संरक्षण आहे, त्याला पोलिसांची भीती घालून हाकलू नये.

पाळी लावू इच्छिणाऱ्या घरांसाठी कार्यालयात एक पानाचा फॉर्म ठेवला आहे. गाडीचा क्रमांक आणि आसने, पॉलिसीचा प्रकार आणि तिच्या दोन्ही मुदती, चालवणाऱ्यांची नावे व लायसन्सची मुदत, प्रत्येक मुलाचा रक्तगट, आणि ‘माझे मूल या गाडीतून जाते, पॉलिसी मी पाहिली आहे’ अशी प्रत्येक पालकाची सही, एवढेच त्यात आहे. पॉलिसीची झेरॉक्स जोडावी. कागदावरचे इंग्रजी उमगत नसेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर पॉलिसी घेऊन यावे. आमच्यापैकी कोणीतरी तासभर कार्यालयात बसलेले असते. पॉलिसीचे नूतनीकरण झाले की नवी प्रत आणून द्यावी, जुन्या प्रतीवर पाळी पुढे चालू ठेवता येणार नाही.